परग्रह, तालुका पारनेर

घरात एखाद्याला क्रिकेटचं वेड असेल तर त्याला शौकीन म्हणतात, नाटकाचं असेल तर रसिक म्हणतात, गाण्याचं असेल तर दर्दी म्हणतात, सायफायचं वेड असेल तर "वय काय तुझं?" म्हणतात. रात्री एक वाजता हेडफोन लावून अंतराळयानाची मालिका बघणारा हा गृहस्थ एकच सिनेमा तीनदा पाहतो: एकदा गोष्टीसाठी, एकदा त्यातल्या चुका शोधण्यासाठी आणि तिसऱ्यांदा त्या चुका शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला सांगण्यासाठी. पोकळीतून आवाज जात नाही, मग यान फुटल्यावर 'धडाम्' कसं झालं, हा त्याचा लाडका सवाल. अशा वेळी दोन खुर्च्यांच्या मध्येही पोकळी असती तर बरं झालं असतं, असं शेजाऱ्याला वाटत असतं. याच्याकडे महागाचा कॅमेरा असतो, पण तो लग्नामुंजीत कधी दिसत नाही. तो गच्चीवर, ट्रायपॉडवर बसलेला असतो. तीन तास खपून काढलेल्या फोटोत काळ्या पडद्यावर एक मळकट ठिपका उमटतो. हा शनी. घरच्यांना साडेसातीमुळे शनी आधीच ठाऊक असतो. तो फोटो काढून मुद्दाम घरात कशाला आणायचा, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. टीव्ही, सिनेमा आणि फोटोग्राफी या तिन्ही नादांबद्दल या माणसाची जी थट्टा होते ती आम्हाला अन्यायाची वाटते. त्याचं वेड अस्सल आहे, फक्त दिशा चुकली आहे. तो वर बघतो आहे. त्याने खाली बघावं, पुणे-नगर रस्त्यावरची एसटी पकडावी, वाडेगव्हाण फाट्याला उतरावं आणि चार-पाच किलोमीटर आत राळेगणसिद्धीला जावं. महाराष्ट्रात सायफायचं तीर्थक्षेत्र काढायचं झालं तर ते तिथे निघेल, असं आमचं म्हणणं आहे आणि ते पुराव्यानिशी आहे.

आधी सायफाय म्हणजे काय ते ठरवून घेऊ, म्हणजे पुढे भांडण नको. अग्निबाण, लुकलुकणारे दिवे आणि कानशिलापाशी तिरपे कान असलेला पाहुणा ही सायफायची वरात झाली. नवरदेव वेगळा आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने. परीक्षकांनी नाव न ओळखता पहिलं बक्षीस दिलं. पण नवरदेव बघायचा असेल तर त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्यावी. तिथे अग्निबाण नाही, परग्रहवासी नाही. पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी जरा बाजूने जाते, एवढाच काय तो फरक. मग पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा होतो. हेच सायफायचं मर्म. जगातला एकच खिळा काढायचा, दुसरीकडे ठोकायचा, आणि मग बाकीचं घर कसं उभं राहतं ते प्रामाणिकपणे सांगायचं. मध्येच लबाडी करून दुसरा खिळा हलवायचा नाही. दैवी चमत्कारात देव मनाला येईल तेव्हा नियम मोडतो. सायफायमध्ये लेखक एकच नियम बदलतो आणि मग बिचारा स्वतःच त्या नियमाला बांधला जातो.

आता ही फूटपट्टी घेऊन राळेगणसिद्धीला चला. गाव पारनेर तालुक्यातलं, म्हणजे पर्जन्यछायेतलं. पाऊस वर्षाला सरासरी ४०० ते ५०० मिलिमीटर, तोही आला तर. वस्ती दोन-अडीच हजारांच्या घरात. सत्तरच्या दशकात गावाची अवस्था अशी की विहिरी कोरड्या आणि दारूच्या भट्ट्या तीस-चाळीस. यादवबाबांच्या देवळाची लाकडं काढून भट्टीखाली घातली गेली होती, यावरून द्रवपदार्थांबाबत गावाचं प्राधान्य कळावं. १९७५ मध्ये लष्करातून परतलेल्या किसन बाबूराव हजारे यांनी, म्हणजे अण्णांनी, आधी स्वतःच्या फंडाच्या पैशातून ते देऊळ उभं केलं आणि मग एक खिळा हलवला: गावात पडलेलं पाणी गावाबाहेर जाऊ द्यायचं नाही. डोंगरउतारावर समतल चर, ओढ्यावर नालाबांध, खाली पाझर तलाव. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबायला लावायचं, थांबलेल्याला जिरायला लावायचं. या एका नियमातून बाकीचे आपोआप निघाले. झाडं राहिली तर माती राहील, म्हणून कुऱ्हाडबंदी. गवत राहिलं तर झाडं राहतील, म्हणून चराईबंदी. खाणारी तोंडं पाण्याच्या हिशेबात बसावीत म्हणून नसबंदी, बांध घालणारे हात थरथरू नयेत म्हणून नशाबंदी, आणि कंत्राटदाराला द्यायला पैसे नाहीत म्हणून श्रमदान. चार बंदी आणि एक दान. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून उसासारख्या तहानलेल्या पिकाला नकार देणं ही तर खास परग्रहवासीयाची करणी. फ्रँक हर्बर्टने १९६५ साली 'ड्यून' लिहिली. तिच्या वाळवंटी ग्रहावर माणसं घामाचा थेंबसुद्धा वाया जाऊ देत नाहीत, अंगातल्या ओलाव्याचा हिशेब ठेवतात. आपला सायफायवेडा ती पाहायला आयमॅक्सचं तिकीट काढतो आणि त्या समाजाच्या पाणीशिस्तीने थक्क होतो. पारनेर तालुक्यात तीच शिस्त आहे. वाळूतले अजस्र किडे तेवढे नाहीत. पण मार्च महिन्यात गावोगावचे पाण्याचे टँकर ज्याने पाहिलेत, त्याला किड्यांची उणीव भासणार नाही.

इथे पहिली हरकत येते ती टीव्हीच्या बाजूने. चाहता म्हणतो, सायफायला यंत्रं लागतात, झगमगाट लागतो. माती आणि दगड रचून झालेल्या नालाबांधात काय बघायचं? या हरकतीचं उत्तर त्याच्या आवडत्या मालिकेतच आहे. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. त्यात माणसं यानातून ग्रहावर उतरत नाहीत. एका चकतीवर उभी राहतात, चमचमतात आणि खाली प्रकटतात. ही दिव्य कल्पना पदार्थविज्ञानातून आलेली नाही. दर आठवड्याला यान उतरवण्याचं चित्रीकरण परवडत नव्हतं, त्यातून ती आली. त्याच मालिकेसाठी झोकदार मीठदाण्या आणल्या, पण त्या इतक्या भविष्यकालीन दिसायला लागल्या की प्रेक्षकाला मीठदाणी आहे हे कळणार नाही अशी भीती वाटली; मग त्याच डॉक्टरच्या हातात शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणून दिल्या. म्हणजे टीव्हीवरचं सायफाय हे मुळात काटकसरीचं अपत्य आहे, आणि काटकसरीत नगर जिल्ह्याला कुणी शिकवू नये. हाच न्याय खऱ्या यंत्रांनाही लागतो. राळेगणपासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी तिचा खर्च आटोक्यात आणला तो तबकड्या भरीव न करता ताणलेल्या तारांच्या जाळीच्या करून. लांबून बघणाऱ्याला त्या राक्षसाच्या घरच्या चाळण्या वाटाव्यात. त्या चाळण्यांत दूरच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन अडकतो. त्याच पट्ट्यातल्या आर्वीला १९७१ साली देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. ज्या वर्षी अण्णा गावी परतले त्याच १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांना शेती आणि आरोग्याचे कार्यक्रम दाखवले गेले, आणि त्या प्रक्षेपणाची एक तबकडी कोलंबोत आर्थर क्लार्क यांच्या घरी बसवली गेली. अशा उपग्रहांची कल्पना त्यांनीच १९४५ साली मांडली होती ना. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. राळेगणने काही फार गमावलं असं वाटत नाही. बाकीची खेडी शेती सुधारण्याचा कार्यक्रम बघत बसली होती तेव्हा हे गाव तो कार्यक्रम करायच्या बेतात होतं.

टीव्हीबद्दलची दुसरी तक्रार घरातली आहे. "असलं कुठे असतं का?" असं म्हणून सायफायवेड्याच्या हातून रिमोट काढून घेतला जातो आणि संध्याकाळची कौटुंबिक मालिका लावली जाते. त्या मालिकेत एक हळदीकुंकू नऊ दिवस चालतं. नायकाने दारात टाकलेलं पाऊल घरात पडेपर्यंत तीन जाहिराती आणि एक रविवार जातो. वेळ ताणली जाऊ शकते हे आइन्स्टाइनला गणिताने सिद्ध करावं लागलं. ते आपल्याकडे फोडणीची मिरची तडतडेपर्यंत रोज दिसतं. नायिका दरीत पडते, चेहरा बदलून परत येते आणि सख्ख्या नवऱ्याला ती ओळखू येत नाही, आवाज तोच असूनही. हे सगळं मान्य असलेल्या घराने प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या यानावर शंका घ्यावी हे न्यायाचं नाही. फरक असलाच तर इतकाच की सायफायवाला निदान सबब सांगतो. यानात अमुक इंजिन आहे, त्यामुळे तमुक होतं. सासूच्या हातात घराच्या किल्ल्या कुठल्या इंजिनाने येतात ते कुणी सांगत नाही.

आता सिनेमा. इथे आमच्या दाव्याला सगळ्यात मोठा अडथळा आहे तो राळेगणचाच. अभ्यासक मुकुल शर्मा यांनी गावाच्या नियमांविषयी लिहिताना नोंदवलं आहे की तिथे सिनेमा आणि सिनेमाची गाणी यांना मनाई होती. चालायचे ते फक्त 'संत तुकाराम', 'संत ज्ञानेश्वर' यांसारखे भक्तिपट. मग सायफायच्या चाहत्याने अशा गावात जाऊन करायचं काय, टाळ वाजवायचे? पण परवानगीची यादी नीट वाचा. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा; पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. त्याचा शेवट काय? वैकुंठाहून विमान येतं आणि पृथ्वीवरच्या एका माणसाला सदेह घेऊन जातं. स्पीलबर्गच्या १९७७ च्या सिनेमात परग्रहाचं यान उतरून एका साध्या माणसाला घेऊन जातं तेव्हा आपला चाहता डोळे पुसतो. देहूच्या प्रेक्षकांनी तो हुंदका ४१ वर्षं आधी देऊन टाकला होता. 'संत ज्ञानेश्वर' १९४० चा. त्यात भिंत चालते, म्हणजे चालकाविना, इंधनाविना, चार भावंडांना घेऊन. आणि रेडा वेद म्हणतो. बोलणाऱ्या यंत्रांचं आज कौतुक चाललंय, पण पाठांतर करून दुसऱ्याचं म्हणणं अचूक म्हणून दाखवणाऱ्या आणि त्याचा अर्थ स्वतःला न कळणाऱ्या बुद्धीची कल्पना पैठणलाच झाली होती. थोडक्यात, गावाने सिनेमाचा दरवाजा बंद केला आणि अंतराळयान, स्वयंचलित वाहन नि बोलतं यंत्र मागच्या खिडकीतून आत घेतलं. कुणी म्हणेल, हा चमत्कार झाला, सायफाय नव्हे. मघाशी फूटपट्टी तुम्हीच लावलीत. कबूल आहे. कथा चमत्काराची, पण पडद्यावर ती दाखवणारा माणूस चमत्कार करत नव्हता. तो कॅमेरा, काच, तार, रंगवलेलं आकाश यांचा हिशेब करत होता. भक्ताला वैकुंठ दिसलं, सायफायवेड्याला तार कुठे लपवली ते शोधावंसं वाटलं. तिकीट दोघांचं एकाच दराचं.

आणि ही परंपरा थेट पहिल्या माणसापर्यंत जाते. दादासाहेब फाळके आधी फोटोग्राफर होते, जादूचे प्रयोगही करायचे, आणि ते नाव उलटं करून: प्रोफेसर केळफा. मराठी माणूस भविष्यकाळात शिरताना नाव उलटं करून जातो की काय, असं फाळके आणि नारळीकर ही जोडी पाहून वाटावं; कदाचित शेजाऱ्यांनी ओळखू नये म्हणून असेल. १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी, भांडवल मिळवण्यासाठी फाळक्यांनी जो नमुना तयार केला त्यात देव नव्हता, राजा नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर तो कोंब क्षणात मातीतून वर आला. हे आपल्या सिनेमाचं बाळसं, आणि ते म्हणजे फोटोग्राफी, सिनेमा आणि सायफाय यांचा एकत्र काढलेला फोटो. वेळ दाबली की काय दिसतं? एवढा एकच खिळा हलवलेला. सावकाराने पैसे दिले ते वाटाण्याकडे बघून. एरवी शेतकऱ्याला पिकाकडे बघून कर्ज मिळायला किती खेपा घालाव्या लागतात ते पाहता, फाळक्यांची ही खरी करामत म्हणायची.

फोटोग्राफीच्या नादाबद्दल बोलायचं तर सायफाय आणि कॅमेरा यांचं नातं रक्ताचं आहे. 'स्टार वॉर्स'मधली ती प्रकाशाची तलवार आठवा. तिची मूठ म्हणजे जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा. पुढे चाहत्यांनी तलवारी बनवण्यासाठी असे दांडे विकत घ्यायचा सपाटा लावला, आणि जुने कॅमेरे जमवणारे लोक फ्लॅशसाठी वणवण करू लागले. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. राळेगणला जाणारा पाहुणा पाझर तलावाचा, हिरव्या शेताचा, सौर पंपांसाठी उभारलेल्या निळ्या पॅनेलच्या रांगांचा फोटो काढतो (मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीच्या सुरुवातीच्या प्रायोगिक प्रकल्पांपैकी एक याच गावचा) आणि समजतो की गाव कॅमेऱ्यात आलं. आलं नाही. गावाची खरी कमाई जमिनीखाली आहे, आणि खडकातल्या भेगेत जिरलेल्या पाण्याचा फोटो निघत नाही. टीव्हीवाल्यांचंही तेच झालं. अण्णांच्या डिसेंबर २०१३ च्या उपोषणात आणि पुन्हा २०१९ च्या सुरुवातीला वाहिन्यांच्या गाड्या यादवबाबांच्या देवळापाशी तबकड्या वर करून उभ्या राहिल्या, खोडदच्या चुलत बहिणी शोभाव्यात अशा. त्यांनी उपोषणाचा दिवस मोजला, रक्तदाब मोजला. विहिरीची पातळी कुणी मोजून दाखवली नाही, कारण विहीर बाइट देत नाही. या गावाला पुरेल असा फोटोग्राफर एकच: गच्चीवर शनीची वाट बघत बसणारा. त्याला ठाऊक असतं की अंधुक ताऱ्याचा उजेड एकदम मिळत नाही. शटर उघडं ठेवायचं, कण कण गोळा करायचा, पुन्हा दुसरा, तिसरा, शंभरावा फोटो काढायचा आणि सगळे एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे आकाशगंगेचा पट्टा उमटतो. नालाबांध याहून निराळं काय करतो? तो पावसासाठी उघडं ठेवलेलं शटर आहे. एका पावसाळ्यात ठिपका, दहा पावसाळ्यांत चित्र. घाईच्या माणसाला दोन्हीकडे काळोखच दिसतो.

आता सगळ्यात जड हरकत, आणि ती हसण्यावारी नेता येणार नाही. कुणी म्हणेल, तुम्ही ज्याला शिस्त म्हणता तिथे दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने झोडपलं जायचं. अण्णांनी ते लपवलेलं नाही. नियमांची यादी लांबत जाते, गाणी बंद होतात, गावच्या कारभाऱ्यांची निवड एका माणसाच्या शब्दावर व्हायची. हे आदर्श जग झालं की धास्तीचं? आमचं उत्तर असं की हा प्रश्न पडणं हीच सायफायच्या चाहत्याची पात्रता आहे. इतर पाहुणे गावात येतात ते एक तर पाया पडायला किंवा खोड काढायला. सायफायवाला मात्र लहानपणापासून अशा नगरांतच वाढलेला असतो जिथे सगळं स्वच्छ, सगळं हिरवं, सगळे सुखी असतात आणि अर्ध्या तासाने कळतं की तळघरात काहीतरी आहे. 'स्टार ट्रेक'मधल्या यानाचा पहिला कायदाच असा की दुसऱ्या समाजाच्या घडणीत ढवळाढवळ करायची नाही. आणि कप्तान दर दोन भागांआड तो मोडतो, कारण समोर माणसं मरत असताना नुसतं बघत राहायचं कसं, हे त्याला उमगत नाही. राळेगणची कथा नेमकी त्या कचाट्यातली आहे. भट्टीने बायकापोरं उघडी पडत असताना हात बांधून बसावं की समोरच्याला खांबाला बांधावं? पट्टा चुकीचा होता असं म्हणूनही पाणी खरं होतं हे म्हणता येतं. ही दोन वाक्यं एकाच श्वासात म्हणायची सवय भक्ताला नसते, टीकाकाराला नसते; ती सायफायवाल्याला असते, कारण त्याच्या आवडत्या गोष्टींत खलनायकाचंही इंजिन तपासावं लागतं. शिवाय या गावाने नापास झालेल्या मुलांना मुद्दाम प्रवेश देणारी शाळा चालवली. 'स्टार ट्रेक'च्या १९८२ च्या सिनेमात एक परीक्षा आहे, जी कुणीच पास होऊ शकत नाही. नापास झाल्यावर माणूस कसा वागतो ते बघायचं असतं. तिच्यावर चाहते चाळीस वर्षं वाद घालताहेत. राळेगणने तिचं वसतिगृह केलं.

शेवटची शंका शास्त्राची. एका गावात एकदा घडलं ते शास्त्र नव्हे, योगायोग. प्रयोग पुन्हा करून दाखवा. तोही झालेला आहे, आणि त्याच जिल्ह्यात. हिवरे बाजारने सरपंच पोपटराव पवारांच्या काळात दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग पिकं ठरवायची ही रीत घातली. म्हणजे ग्रामसभेत बसून माणसं येत्या सहा महिन्यांचं भविष्य वर्तवतात आणि मग त्या भविष्याप्रमाणे वागतात. यातलं पहिलं काम ज्योतिषीही करतात. दुसरं करणारी जमात सायफायबाहेर फारशी आढळत नाही.

म्हणून गच्चीवरच्या त्या माणसाला घरच्यांनी एकदा एसटीचं तिकीट काढून द्यावं. त्याला तिथे यान दिसणार नाही. उताराला आडवे खणलेले चर दिसतील, आणि ते चर का खणले हा प्रश्न पडला की पुढची सगळी गोष्ट तो स्वतः रचेल. तिला सुरुवातही तयार आहे. १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर हजारे नावाचा एक ट्रकचालक होता. शत्रूच्या माऱ्यात त्याचे सोबती गेले आणि तो वाचला. तो मारा हातभर इकडे पडला असता तर यादवबाबांच्या देवळाची उरलीसुरली लाकडंही भट्टीखाली गेली असती, पाऊस ओढ्याने निघून गेला असता, आणि वाडेगव्हाण फाट्यावरून आत वळायला कुणालाच कारण उरलं नसतं. गंगाधरपंतांना दुसऱ्या इतिहासात शिरायला ट्रकचा अपघात व्हावा लागला. आपला सायफायवेडा त्या दुसऱ्या इतिहासातून सुटून आलेल्या गावात उभा असेल, आणि तिथवर त्याला ज्याने आणलं तो ट्रकचालक माऱ्यातून वाचलेला होता.